कारण सापडेपर्यंत पाना खाली ठेव

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद. तुझे पत्र दोनदा वाचले. मामांनी वापरून दिलेली, सारखी गरम होणारी २००९ सालची पेट्रोल अल्टो, हाताशी पंचवीस हजार रुपये आणि तिघांचे तीन सल्ले, असा तुझा पेच आहे. उद्यमनगरातल्या एका गॅरेजवाल्याने इंजिन उघडायला सांगितले, दुसऱ्याने रेडिएटर आणि वॉटर पंप एकदमच बदलायला सांगितले आणि मित्राने गाडी भंगारात घालून हप्त्यांवर नवी घ्यायला सांगितले. यांपैकी कोणाचे ऐकावे, असे तू विचारतोस. मला मात्र दुसरेच खटकले: चार पानांच्या पत्रात गाडी नेमकी केव्हा गरम होते, हे तू कुठेच लिहिलेले नाहीस.

गर्दीत, सिग्नलला उभी असताना तापमानाचा काटा वर चढत असेल आणि मोकळ्या रस्त्यावर खाली येत असेल, तर पहिला संशय पंख्यावर घ्यावा, कारण वेगात असताना वारा आपोआप मिळतो आणि उभ्या गाडीला तो पंख्यानेच द्यावा लागतो. याउलट हमरस्त्यावर किंवा लांब चढावर गरम होत असेल, तर रेडिएटर आतून चोक झालेला असणे, थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावर पाण्याची वाट मोकळी करणारी झडप, पूर्ण न उघडणे किंवा पंप पाणी नीट न फिरवणे अशी कारणे पाहावी लागतील. पंखा फिरतच नसेल, तर त्याच्या मोटारीला बॅटरीतून थेट वीज देऊन पाहा. ती फिरली तर मोटार चांगली आहे आणि दोष फ्यूज, रिले, सेन्सर किंवा वायरिंगमध्ये आहे. या तपासणीला पैसे लागत नाहीत, एक रविवार लागतो. कूलंटच्या, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याच्या, टाकीवर रोज सकाळी मार्करने खूण कर. बाहेर कुठेही गळती नसताना पातळी उतरत असेल आणि इंजिन ऑइलच्या झाकणाखाली दुधी साय दिसत असेल, तर पाणी आतल्या आत ऑइलमध्ये मिसळत असावे आणि पहिल्या गॅरेजवाल्याचे म्हणणे बहुधा खरे आहे, असे मीच तुला सांगेन. तोपर्यंत कारण कळल्याशिवाय एकही भाग बदलायचा नाही.

हे मी एवढ्या आग्रहाने का लिहितो, तेही सांगतो. वडिलांनी मला त्यांची कार्ब्युरेटरची मारुती ८०० दिली, तेव्हा मी तुझ्याहून फार मोठा नव्हतो. ती अशीच गरम व्हायची. मी आधी थर्मोस्टॅट बदलला, मग रेडिएटर, मग पंप आणि शेवटी इंजिन उघडून त्यातले हेड गॅस्केटसुद्धा. प्रत्येक वेळी कोणीतरी छातीठोकपणे सांगितले आणि प्रत्येक वेळी मी खिशात हात घातला. सहा महिन्यांनी कंटाळून ती मिळेल त्या किमतीला विकून टाकली. घेणाऱ्याने आठवडाभरात पंखा सुरू करणारा स्विच बदलला. मी बदललेल्या कोणत्याही भागापेक्षा तो स्वस्त होता. पुढे कितीतरी वर्षे ती गाडी आमच्याच गल्लीतून जाताना मी पाहिली. वडील त्याबद्दल एक शब्दही बोलले नाहीत, आणि तेच मला अजून बोचते.

तेव्हापासून मी हट्टी झालो, हे मान्य आहे. दुसऱ्या गाडीला एक खडखडाट होता, तो सापडेपर्यंत मी ती दोन महिने अंगणात उभी ठेवली आणि घरची मंडळी रत्नागिरीच्या लग्नाला एसटीने गेली. शेवटी सायलेन्सर टांगणारे रबर तुटलेले निघाले. दोनशे रुपयांच्या रबरासाठी दोन महिने घालवले, असे घरात आजही ऐकवले जाते. खर्च दोनशेच रुपयांचा झाला, हे मात्र कोणी लक्षात घेत नाही. असो.

तू लिहितोस की सत्तरच्या पुढे स्टिअरिंग थरथरते. नुसते चालवताना की ब्रेक दाबल्यावर? नुसते चालवताना असेल तर चाकांचे बॅलन्सिंग आणि वाकडी रिम पाहा, ब्रेक दाबल्यावर असेल तर पुढच्या डिस्क पाहा. सकाळी स्टार्ट होत नाही म्हणून नवी बॅटरी घ्यायला निघाला आहेस; आधी साधा मल्टिमीटर घे. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास आणि इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट दाखवत असेल, तर चार्जिंग ठीक आहे, मग टर्मिनल आणि अर्थिंगची वायर घासून पाहा. तुला वाटेल म्हातारा तेच तेच सांगतो. होय, तेच सांगतो: आधी कारण, मग भाग.

टायर आणि ब्रेक ऑइल मात्र निमूटपणे बदल, आणि टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनच्या झडपांची वेळ सांभाळणारा पट्टा, कधी बदलला याचे बिल मामांकडे नसेल तर तोही. याला मी अपवाद मानत नाही; इथे वय हेच कारण असते. टायरच्या कडेवरच्या चार आकड्यांत पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते, आणि करूळ घाट उतरताना सतत ब्रेक दाबून ते तापले की त्या ओलाव्याची वाफ होऊन पेडल खाली जाते. गरम होण्याचे कोडे सुटले नाही तर गाडी रस्त्यात थांबेल. ब्रेकच्या बाबतीत चुकले तर ती थांबणारच नाही. सीट कव्हर आणि टचस्क्रीनबद्दल तू विचारले आहेस, त्याचे उत्तर मी देत नाही.

आणि हो, या सगळ्याआधी आरसीवरची तारीख पाहा. गाडीच्या नोंदणीची पंधरा वर्षे २०२४ मध्येच पूर्ण झाली. मामांनी नूतनीकरण केले नसेल, तर आरटीओतली तपासणी, शुल्क आणि पर्यावरण कर याच पंचवीस हजारांतून जाणार आहेत. गाडी आणि विमा दोन्ही तुझ्या नावावर करून घे.

येत्या रविवारी इंजिन गार असताना कूलंटच्या टाकीतली पातळी पाहून घे, मग गाडी जागेवरच वीस मिनिटे चालू ठेव आणि काट्यावर नजर ठेव. काटा लाल खुणेकडे सरकू लागला तर लगेच बंद कर. रेडिएटरचे झाकण गरम असताना उघडू नकोस, हात भाजेल. पंखा फिरला की नाही आणि फिरला तेव्हा काटा कुठे होता, एवढे मला कळव.

तुझा,
काका