दर उन्हाळ्यात खाली खाज सुटते, दह्यासारखं पांढरं जातं. काय करावं?

लक्षणं कँडिडा या बुरशीची वाटतात. ती अंगात असतेच. अँटिबायोटिक, गरोदरपण किंवा वाढलेली साखर तिला मोकळं रान देते. घाण वास, हिरवट-पिवळा स्राव असेल तर आजार वेगळा, म्हणून आधी तपासून घ्या. सोलापुरात सिव्हिल आहेच, लाजायचं काय त्यात! सहसा क्लोट्रिमाझोलच्या योनीत ठेवायच्या गोळ्या किंवा फ्लुकोनाझोल 150 मिलिग्रॅमची एक गोळी देतात. गरोदर असाल तर ही पोटात घ्यायची गोळी नको. मेडिकलमधून ‘खाजेची ट्यूब’ अजिबात आणू नका, त्यात बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. साबणाने आतून धुणंही बंद. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीपार, त्यात नायलॉनची चड्डी! सुती घाला, घामेजली की बदला. आणि वारंवार होतंय, तर रक्तातली साखर तपासाच.