एचआयव्हीकडे स्वतःची एन्झाइम्स तीनच, बाकी सगळं आपल्या पेशीचं

यावेळी आलेल्या प्रश्नांपैकी बरेचसे एचआयव्ही आणि आपली एन्झाइम्स यावरच होते, त्यामुळे ते सगळे एकत्रच घेते. काहींचे प्रश्न लांबलचक होते ते थोडे छाटलेत.

प्रश्न (बीएस्सी मायक्रोबायोलॉजी, सांगली): मॅडम, पुस्तकात दिलंय की एचआयव्हीत तीन एन्झाइम असतात. मग व्हायरसची बाकीची कामं कोण करतं?

पुस्तक बरोबर आहे. रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज (आरएनएवरून डीएनए लिहिणारं), इंटिग्रेज (तो डीएनए आपल्या डीएनएत घुसवणारं) आणि प्रोटीएज (प्रोटीन कापणारं), बस. अख्ख्या व्हायरसची जनुकं ९ आणि आपल्याकडे प्रोटीन बनवणारी जनुकं साधारण २०,०००, म्हणजे एवढ्याशा भांडवलावर धंदा करायचा तर उधारी आलीच, आणि ती उधारी कुठे कुठे आहे हे बघितलं की थक्क व्हायला होतं.

इंटिग्रेज व्हायरसचा डीएनए आपल्या डीएनएत घुसवतं खरं पण दोन्ही टोकांना फटी सोडून देतं, त्या भरायला आपलीच डीएनए दुरुस्तीची एन्झाइम्स येतात. गॅग, म्हणजे व्हायरसचा सांगाडा बनवणारं प्रोटीन, तयार होत असतानाच आपलं एन-मिरिस्टॉयल ट्रान्सफरेज त्याच्या टोकाला १४ कार्बनचं फॅटी ॲसिड चिकटवतं, ते नसेल तर गॅग पेशीच्या पडद्याला जाऊन नीट बसतच नाही. व्हायरसच्या बाहेरच्या आवरणातलं जीपी१६० हे प्रोटीन आपलं फ्युरिन नावाचं एन्झाइम कापतं, मगच जीपी१२० आणि जीपी४१ असे दोन तुकडे होतात आणि न कापलेलं जीपी१६० घेऊन फिरणारा व्हायरस पुढच्या पेशीत शिरू शकत नाही. शेवटी पेशीतून सुटून बाहेर पडायलाही आपलं व्हीपीएस४ हे एन्झाइम लागतं.

मला स्वतःला सगळ्यात आवडतो तो टॅटचा किस्सा. व्हायरसचा आरएनए लिहायचं काम आपलं आरएनए पॉलिमरेज २ करतं, पण थोडंसं लिहून ते थांबतं. मग टॅट हे व्हायरसचं प्रोटीन आपल्या सायक्लिन टी१ या प्रोटीनला धरतं, त्याच्यासोबत सीडीके९ हे कायनेज येतं, ते फॉस्फेट लावतं आणि पॉलिमरेज सुसाट सुटतं. आता गंमत बघ, उंदराच्या सायक्लिन टी१ मध्ये २६१ नंबरला सिस्टीन या अमिनो ॲसिडच्या जागी टायरोसिन असतं, एवढ्या एका फरकाने टॅटची पकड नीट बसत नाही. साध्या उंदरात एचआयव्ही वाढत नाही त्याच्या कारणांपैकी हे एक.

प्रश्न (ठाणे): आपल्या पेशीतच एचआयव्हीची वाट लावणारं एन्झाइम असतं असं वाचलं. खरं असेल तर मग लागण होतेच कशी?

खरंय. त्याचं नाव एपोबेक३जी. आणि लागण होते कारण व्हायरसकडे व्हिफ नावाचं प्रोटीन आहे.

हे सापडलं कसं ते आधी सांगते. व्हिफ काढून टाकलेला व्हायरस काही पेशींमध्ये मस्त वाढायचा आणि काहींमध्ये अजिबात नाही, लॅबवाले बरीच वर्षं यावर डोकं खाजवत होते. २००२ मध्ये ॲन शीही, मायकल मलिम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की ज्या पेशींत तो वाढत नाही तिथे एक जास्तीचं जनुक चालू असतं. तेच हे एपोबेक३जी.

ते करतं काय, तर नवीन व्हायरस बांधला जात असताना गुपचूप त्याच्या आत जाऊन बसतं. त्या पेशीत काहीच करत नाही. व्हायरस पुढच्या पेशीत गेला आणि रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज आरएनएवरून डीएनए लिहायला लागलं की हे मागोमाग जाऊन त्या नव्या डीएनएतल्या सी या अक्षराचे यू करत सुटतं. त्यावरून दुसरी साखळी लिहिली जाते तेव्हा जिथे जी हवा तिथे ए पडतो. आता ट्रिप्टोफॅनचा कोड आहे टीजीजी. मधल्या जी चा ए झाला की टीएजी, आणि टीएजी म्हणजे स्टॉप, प्रोटीन तिथेच अर्धवट तुटतं! असे ढीगभर बदल झाल्यावर तो व्हायरस कुठल्याच कामाचा राहत नाही. वर्षानुवर्षं औषध घेणाऱ्या पेशंटच्या पेशींमध्ये व्हायरसच्या ज्या निकामी प्रती सापडतात त्यातल्या बऱ्याच प्रतींवर याच एन्झाइमच्या खुणा दिसतात, म्हणजे ते अगदीच हरतं असं नाही.

व्हिफ जेमतेम १९२ अमिनो ॲसिडचं. पण लबाड इतकं की ते एपोबेकशी स्वतः भांडतच नाही. एका बाजूने एपोबेकला धरतं, दुसऱ्या बाजूने आपलं कलिन५ वालं युबिक्विटिन लायगेज (मोडायच्या प्रोटीनवर युबिक्विटिनची खूण लावणारं एन्झाइम) जमवतं, त्यासाठी आपलंच सीबीएफ-बीटा प्रोटीन आधाराला घेतं. मग लायगेज एपोबेकवर युबिक्विटिनचे शिक्के मारतं आणि प्रोटिआसोम, म्हणजे पेशीतलं प्रोटीन मोडायचं यंत्र, त्याचा भुगा करतं. म्हणजे मरणारं एन्झाइम आपलं, मारणारंही आपलंच, व्हायरसने फक्त दोघांची गाठ घालून दिली. आफ्रिकन ग्रीन मंकीच्या एपोबेक३जीला मात्र एचआयव्ही-१ चं (म्हणजे नेहमी आढळणाऱ्या एचआयव्हीचं) व्हिफ धरू शकत नाही, आणि फरक किती तर १२८ नंबरच्या एका अमिनो ॲसिडचा, आपल्याकडे ॲस्पार्टिक ॲसिड, त्यांच्याकडे लायसिन. माणसाच्या एपोबेकमध्ये तेवढाच बदल लॅबमध्ये केला तर तेही वाचतं.

प्रश्न (लॅब टेक्निशियन, गोवा): आमच्याकडे कधीतरी एचआयव्ही-२ चा, म्हणजे एचआयव्हीच्या दुसऱ्या प्रकाराचा, रिपोर्ट येतो. तो जरा हळू वाढतो म्हणतात, तो एन्झाइमच्या बाबतीत कमी पडतो का?

उलट एका बाबतीत तो पुढे आहे! आपल्या मॅक्रोफेजमध्ये आणि शांत बसलेल्या सीडी४ पेशींमध्ये (दोन्ही रोगप्रतिकारक पेशी) सॅमएचडी१ नावाचं एन्झाइम असतं, ते डीएनए बांधायचा कच्चा माल, म्हणजे डीएनटीपी, फोडून टाकतं. मालच नाही तर रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज लिहिणार कशाने. एचआयव्ही-२ कडे व्हीपीएक्स हे प्रोटीन आहे, ते सॅमएचडी१ ला तसंच युबिक्विटिनच्या वाटेने संपवतं, हे २०११ मध्ये कळलं. एचआयव्ही-१ कडे व्हीपीएक्स नाहीच. त्याचं रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज थोडक्या मालातही काम रेटतं आणि त्याचा मुख्य मुक्काम विभागणाऱ्या सीडी४ पेशींत, जिथे सॅमएचडी१ वर फॉस्फेट बसून ते थंड पडलेलं असतं.

म्हणजे हत्यार जास्त आणि तरी आजार सावकाश, त्यामुळे एकेका एन्झाइमवरून आजाराचा वेग ठरवायला जाऊ नका. तुमच्या कामाचं एवढंच की नेव्हिरॅपिन, एफाव्हिरेंझ ही औषधं एचआयव्ही-२ वर चालत नाहीत, म्हणून १ की २ हे रिपोर्टात स्पष्ट असलंच पाहिजे.

प्रश्न (नाशिक): मग सरळ आपलीच ती एन्झाइम्स बंद करणारी गोळी का काढत नाहीत? व्हायरस उपाशी मरेल की.

व्हायरसच्या आधी आपण मरू. सीडीके९ बंद केलं तर आपलीच जनुकं वाचली जाणार नाहीत, फ्युरिन तर कित्येक हॉर्मोन आणि रिसेप्टर कापून तयार करतं. कल्पना वाईट नाही, कारण आपलं प्रोटीन व्हायरससारखं भराभर बदलत नाही, आणि मॅराव्हिरॉक हे औषध आपल्या सीसीआर५ वरच बसतं, पण ते रिसेप्टर आहे, म्हणजे व्हायरस आत शिरताना धरतो ते पेशीवरचं प्रोटीन, एन्झाइम नाही. मला जास्त आशा वाटते ती व्हिफ आणि एपोबेकची पकड सोडवणाऱ्या औषधांची. प्रयत्न चालू आहेत, दुकानात अजून काही नाही.

प्रश्न (पुणे): भावाची एआरटी (एचआयव्हीची औषधं) चालू आहे, आता टीबी निघाला. सेंटरवर डोल्युटेग्रॅव्हिरची एक जादा गोळी दिली, १२ तासांनी घ्यायची. डोस डबल का?

घाबरू नका, बरोबर दिलीय. डोल्युटेग्रॅव्हिर व्हायरसच्या इंटिग्रेजला अडवतं, पण ते शरीरातून बाहेर काढायचं काम आपली यूजीटी१ए१ आणि सीवायपी३ए४ ही एन्झाइम्स करतात. टीबीच्या औषधातलं रिफाम्पिसिन ही दोन्ही वाढवतं, मग रोजची ५० मिलिग्रॅम लवकर संपते आणि व्हायरसला मोकळीक मिळते, म्हणून दिवसातून दोनदा. रिफाम्पिसिन थांबलं तरी ही एन्झाइम्स दुसऱ्या दिवशी खाली येत नाहीत, साधारण दोन आठवडे लागतात, तेव्हा जादा गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका, सेंटरवर विचारूनच.

त्याच रोजच्या गोळीतलं टेनोफोव्हिर आणि लॅमिव्हुडिन मात्र आपल्या एन्झाइम्सवरच जगतात, आपली कायनेजेस त्यांना फॉस्फेट लावतात तेव्हाच ती रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेजला अडवायला लायक होतात. आणि भाऊ कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळ्या घेत असेल तर तेही सेंटरवर सांगा, त्या पोटात डोल्युटेग्रॅव्हिरला चिकटून बसतात, उपाशीपोटी एकत्र घ्यायच्या नाहीत.