मानवी हक्कांचे आंतरराष्ट्रीय करार सामान्य माणसाच्या काय कामाचे?

तुम्ही विचारलंय, संयुक्त राष्ट्रांचे मानवी हक्कांचे करार कुठल्याच सरकारवर सक्तीने लादता येत नाहीत, मग त्यांचा तुम्हाआम्हाला उपयोग काय? मी एका कारखान्यात अकाउंट्सला आहे आणि चार वर्षं तिथल्या अंतर्गत तक्रार समितीवर, म्हणजे कामाच्या ठिकाणी बायकांच्या लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या समितीवर, काम करते. त्या समितीमागे असाच एक करार आहे, म्हणून तिथूनच सांगते.

राजस्थानातल्या भटेरी गावच्या भंवरी देवी सरकारी महिला विकास कार्यक्रमात 'साथिन', म्हणजे गावपातळीवरच्या कार्यकर्त्या, होत्या. बालविवाह रोखणं हे त्यांचं नेमून दिलेलं काम. त्याचाच सूड म्हणून १९९२ मध्ये त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. १९९५ मध्ये खालच्या कोर्टाने आरोपींना बलात्काराच्या आरोपातून सोडलं. कामाच्या ठिकाणी बाईला त्रास झाला तर मालकाने काय करायचं, याचा वेगळा कायदाच तेव्हा देशात नव्हता. 'विशाखा' आणि इतर संस्था सर्वोच्च न्यायालयात गेल्या.

न्यायालयाने संविधानातल्या मूलभूत हक्कांच्या जोडीला स्त्रियांविरुद्धचा भेदभाव संपवण्याचा १९७९ चा आंतरराष्ट्रीय करार घेतला. भारताने त्याला १९९३ मध्ये मान्यता दिली होती. देशात कायदा नसेल आणि करार मूलभूत हक्कांशी सुसंगत असेल, तर त्या हक्कांचा अर्थ लावताना करार विचारात घ्यायचा, असं सरन्यायाधीश जे. एस. वर्मा यांच्या खंडपीठाने १३ ऑगस्ट १९९७ ला ठरवलं आणि मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. तक्रार समिती आली ती तिथून. संसदेचा कायदा यायला २०१३ उजाडलं. तोवरची सोळा वर्षं बायकांच्या हाताशी होती ती ही तत्त्वंच.

आमच्याकडे पॅकिंगमधली एक बाई कॅन्टीनजवळचा फलक वाचून आली. सोबत कॅलेंडरची दोन पानं. ज्या ज्या दिवशी त्रास झाला, त्या तारखांना पेन्सिलीने गोल केलेले. "घरी कळलं तर काम सोडायला लावतील, म्हणून दुसरीकडे कुठे लिहिलं नाही," म्हणाली. चौकशीतलं बाहेर सांगायचं नसतं, त्यामुळे पुढचं सांगत नाही. पण ती पानं आम्ही दप्तरी लावून घेतली आणि समोरच्याला एकेका गोलाचं उत्तर द्यावं लागलं. ती बाई पोलीस ठाण्याची पायरी चढली नसती, हे मला पक्कं ठाऊक आहे.

सगळीकडे असं होतं, असं मुळीच नाही. फलकावर नाव आहे, पण आपण समितीच्या अध्यक्ष आहोत हे खुद्द त्या बाईंनाच माहीत नाही, अशा जागा मी पाहिल्यात. आणि जिच्यामुळे हे सगळं घडलं, तिच्यावरच्या बलात्काराची शिक्षा त्या कोर्टाने कोणालाच दिली नाही, याचा मला आजही संताप येतो.

तुमच्या ओळखीत कोणी घरकाम करत असेल, किंवा दहापेक्षा कमी माणसांच्या दुकानात असेल, तर तिला सांगा की जिल्ह्याची स्थानिक समिती तिच्यासाठीच असते. चौकशी जिल्हाधिकारी कार्यालयात करायची. तक्रार लेखी आणि तीन महिन्यांच्या आत द्यावी लागते. लिहिता येत नसेल, तर लिहून घ्यायला मदत करणं हे समितीचंच काम आहे.