चार वर्षं साइट उघडून न बघणाऱ्या सराफाचं काय करायचं

साइट बनवून देणाऱ्या एकानं विचारलंय: आधी कुणाचं काम घ्यायचं, आणि पैसे घ्यायचे का? म्हणजे, कोल्हापुरात गुजरीतल्या सराफांना तुम्ही साइट करून दिली, देखभालीचा करार त्यांनी घेतला नाही, चार वर्षांत एक अपडेट नाही. आता हॅक झाल्यावर 'आजच्या आज, फुकटात' म्हणतायत, आणि दरवर्षी पैसे भरणारी गिऱ्हाइकं मागं खोळंबलीत.

त्यांना हलगर्जी म्हणायच्या आधी जरा स्वतःचा सेंट बॉक्स उघडा. माझं सांगतो. उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीवाल्या काकांची साइट मी 2017 ला केली होती. 2023 मध्ये त्यांचं नाव गूगलवर टाकलं की खाली जपानी अक्षरांत नकली ब्रँडच्या मालाच्या जाहिराती. मी कारखान्यात जाऊन वर त्यांनाच सुनावलं, "काका, सहा वर्षांत एकदा तरी लॉगिन केलंय का?" भट्टीजवळ उभे होते. कपाळ पुसत म्हणाले, "मला कुठं सांगितलंस बाबा?"

घरी येऊन बघितलं. त्यांची साइट ज्या पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषेवर चालायची, तिच्या 7.4 आवृत्तीचा सपोर्ट नोव्हेंबर 2022 मध्ये संपला, त्याच्या सूचना मी इमानेइतबारे पाठवल्या होत्या. सगळ्या इंग्रजीत, आणि सगळ्या त्यांच्या पुतण्याच्या पत्त्यावर. पुतण्या केव्हाच पुण्याला गेलेला. माझ्या वहीत मात्र 'कळवलं' म्हणून बरोबरची खूण! बिल निम्मं केलं.

दुसरं, आपण ज्यावर साइट बनवतो ते वर्डप्रेस छोटे सुरक्षा अपडेट 2013 पासून स्वतःच घेतं. प्लगिनलाही, म्हणजे वर जोडलेल्या छोट्या प्रोग्रॅमनाही, 2020 पासून तशी सोय आहे. पण विकतची थीम, म्हणजे साइटच्या रूपाचा तयार साचा, मोडेल म्हणून आपणच ते बंद करून ठेवतो. सराफांच्या साइटवर कुणी बंद केलंय, बघा. तुम्ही केलं असेल तर बिलाचा आकडा लिहिताना ते लक्षात असू द्या.

आता रांगेचं. प्रथमोपचार सगळ्यांना लगेच आणि फुकट: आहे त्या स्थितीची एक प्रत काढून घ्यायची, साइट बंद करून दुकानाचा पत्ता-फोन असलेलं साधं पान लावायचं, पासवर्ड बदलायचे. अर्ध्या-पाऊण तासाचं काम. हे सराफांवर उपकार म्हणून नाही, हॅक झालेल्या साइटमुळं त्याच सर्व्हरवरच्या बाकीच्यांचे मेल स्पॅममध्ये जाऊ नयेत म्हणून.

खरी सफाई मात्र करारवाल्यांची कामं उरकल्यावर, तासाप्रमाणे पैसे घेऊन. ओरडणाऱ्याचं काम आधी झालं ही बातमी महाद्वार रोडवरून राजारामपुरीत संध्याकाळपर्यंत पोचते, मग पुढच्या वर्षी करार कोण कशाला करेल? काहीजण अशा वेळी दुप्पट दर लावतात, ते मला पटत नाही. घाण जास्त असली की तास आपोआप जास्त लागतात, वर दंड कशाला?

महापुराची गोष्ट वेगळी. 2019 ला शाहूपुरीत ज्यांच्या दुकानात पाणी शिरलं, त्यांच्या डोमेनचे, म्हणजे साइटच्या नावाचे, वर्षाचे पैसे मी माझ्या खिशातून भरले. दुकानातला गाळ उपसणाऱ्या माणसाला रिन्यूअल कुठलं आठवणार? आणि डॉट कॉम मुदत संपून एकदा रिडेम्प्शनमध्ये, म्हणजे नाव हातचं जाण्याआधीच्या शेवटच्या टप्प्यात, गेलं की सोडवायला नेहमीच्या कितीतरी पट पैसे पडतात.

सराफांना आज मेल नको, व्हॉट्सअ‍ॅपवर मराठीत लिहा: 'साइट बंद करून तुमचा फोन नंबर लावलाय. सफाई गुरुवारी सुरू करतो, अंदाजे इतके तास, इतके रुपये.' आणि तुमच्याकडं त्यांचा म्हणून जो मेल पत्ता आहे, तो हल्ली कोण उघडतं तेही त्यातच विचारून घ्या.