वाचक विचारतात: कोकणात सूर्यास्त कुठून पाहावा?

प्रश्न: मे महिन्यात एका किनाऱ्यावरून सूर्य थेट पाण्यात बुडताना पाहिला. नाताळात मुद्दाम त्याच जागी गेलो, तर तो डोंगराआड गेला. असं कसं झालं? यंदा डिसेंबरअखेर सहा दिवस आहोत, नेमकं कुठे जावं? (नाशिक)

उत्तर: किनारा तोच आहे, सूर्य सरकला. रत्नागिरीच्या अक्षांशावर 21 डिसेंबरला तो ठीक पश्चिमेच्या सुमारे 25 अंश दक्षिणेला मावळतो आणि 21 जूनला तेवढाच उत्तरेला. हात ताठ लांब करून धरलेली मूठ साधारण 10 अंश झाकते. म्हणजे वर्षभरात मावळतीची जागा जवळजवळ पाच मुठी हलते. कोकणातल्या पुष्कळशा पुळणी दोन डोंगरांच्या सोंडांमध्ये वसलेल्या आहेत. त्यामुळे हिवाळ्यात दक्षिणेकडची सोंड आड येते, तर मेमध्ये उत्तरेकडची. उपाय सोपा आहे. डिसेंबर-जानेवारीत पुळणीच्या उत्तर टोकाला उभे राहा, एप्रिल-मेमध्ये दक्षिण टोकाला. बहुतेक वेळा तुमचा आवडता किनारा सोडावा लागत नाही, वाळूवरून अर्धा किलोमीटर चाललं की भागतं.

दुपारीच जाऊन खात्री करायची असेल तर मोबाइलचं होकायंत्र पुरतं. मावळतीची दिशा नोव्हेंबरच्या मध्यावर 251 अंश असते, डिसेंबरअखेर 245, फेब्रुवारीच्या मध्यावर 257, 21 मार्चला 270, एप्रिलच्या मध्यावर 280 आणि मेच्या मध्यावर 290. त्या दिशेला मोकळं पाणी दिसलं की जागा पक्की. मात्र चुंबकाचं झाकण असलेलं कव्हर आधी काढा आणि गाडीपासून दूर व्हा, नाहीतर काटा भलतीकडेच दाखवतो.

मुंबईकरांना हे घरबसल्या पडताळता येईल. मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालयासमोर डिसेंबरात सूर्य पाण्यात बुडतो, मार्चनंतर मलबार हिलमागे जातो. जूनमध्ये समुद्रात बुडणारा सूर्य हवा असेल तर नरिमन पॉइंटच्या टोकाला जावं लागतं. (तेही ढगांनी परवानगी दिली तर.) गिरगाव चौपाटीवरून मात्र जवळजवळ बारा महिने डोंगरच आडवा येतो.

तुमच्या सहा दिवसांसाठी समुद्रात घुसलेली भूशिरं धरा, कारण तिथे महिना कोणताही चालतो. रत्नागिरीचा रत्नदुर्ग आणि देवगडचा किल्ला या त्यातल्या खात्रीच्या जागा. रत्नागिरीजवळच्या आरे-वारेच्या डोंगरावरचा रस्ताही उत्तम, फक्त गाडी वळणावर थांबवू नका. पौर्णिमा गाठता आली तर मालवणजवळच्या देवबागला जा. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी आणि मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी. पश्चिमेला सूर्य बुडतो त्याच सुमाराला नदीपल्याडच्या डोंगरांवर चंद्र येतो.

उंचीचाही फायदा आहे. साठ मीटर उंच कड्यावरून क्षितिज खाली जातं आणि सूर्य पुळणीवरच्यापेक्षा जवळजवळ एक मिनिट उशिरा बुडतो. बिंब टेकल्यापासून नाहीसं होईपर्यंत सव्वादोन ते अडीच मिनिटंच मिळतात, तेव्हा एक मिनिट थोडं नाही.

प्रश्न: किती वाजता पोहोचावं? (नागपूर)

उत्तर: घरच्या वेळेवर जाऊ नका. डिसेंबरअखेर रत्नागिरीत सूर्य तुमच्यापेक्षा साधारण अर्ध्या तासाने उशिरा, सहा वाजून दहा मिनिटांच्या आसपास मावळतो. नोव्हेंबरअखेर सहालाच, मेच्या मध्यावर सातला. पाऊण तास आधी पोहोचा आणि बिंब बुडाल्यावर लगेच उठू नका. वर विरळ तंतुमेघ असतील तर खरा रंग त्यानंतर दहा-पंधरा मिनिटांनी चढतो. पण आपल्याकडे सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरत असल्याने बाविसेक मिनिटांत काळोख पडायला लागतो. किल्ल्यावर असाल तर बॅटरी जवळ हवीच.

प्रश्न: हरिहरेश्वरला समुद्राकाठच्या खडकांतून जाणाऱ्या प्रदक्षिणेच्या वाटेवरून सूर्यास्त पाहायचा आहे. भरतीचा अंदाज पंचांगावरून येतो का? (पुणे)

उत्तर: येतो. किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा, की तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमाराला पाणी भरलेलं. भरतीनंतर सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. या हिशेबात तासाभराची चूक राहू शकते, म्हणून भरती-ओहोटीचं छापील वेळापत्रक ताडून पाहा आणि गावातल्या माणसाला विचाराच.

सप्तमी ते एकादशी संध्याकाळी ही वाट विसरा. अमावास्या-पौर्णिमेला ओहोटी साडेपाचच्या आसपास संपते, म्हणजे सूर्य बुडतो तेव्हा पाणी परत फिरलेलं असतं. त्यानंतरच्या प्रतिपदा आणि द्वितीया सगळ्यांत सोयीच्या, कारण सूर्यास्तालाही पाणी उतरतच असतं. पण हे दिवस उधाणाचे, त्यामुळे एकदा पाणी फिरलं की भराभर चढतं. खडकांमधल्या अरुंद खिंडीतून पायऱ्या उतरलात की आधी खडकाचा रंग पाहा. जिथे तो काळा आणि ओला आहे तिथवर लाट येते, मग समोर समुद्र कितीही शांत दिसो. हिरव्या शेवाळावर रबरी चप्पल टिकत नाही. उजेड असतानाच वर या.

प्रश्न: फेब्रुवारीत आकाश निरभ्र होतं, तरी सूर्य पाण्याला टेकायच्या आधीच दिसेनासा झाला. (सोलापूर)

उत्तर: ढग नव्हता, धुरकं होतं. क्षितिजाकडे पाहताना नजर डोक्यावरच्या हवेच्या जवळपास 38 पट हवा ओलांडते, आणि धूळ, धूर, मिठाचे कण नेमके खालच्या थरात साठलेले असतात. लाल बिंब तांब्याच्या पैशासारखं मळकं होत क्षितिजाच्या दोन-तीन बोटं वरच विरतं. हात लांब केल्यावर एक बोट म्हणजे सुमारे आठ मिनिटं, म्हणून अशा दिवसांत तुमचा सूर्यास्त वीस मिनिटं आधीच संपतो असं धरून चला. स्वच्छ क्षितिज हवं असेल तर ऑक्टोबर गाठा. पावसाने हवा धुतलेली असते आणि रंग पकडायला थोडे ढगही उरलेले असतात.

प्रश्न: दुर्बिणीतून पाहिलं तर चालेल? (सांगली)

उत्तर: नाही. सूर्य लाल दिसला तरी दुर्बिणीतून डोळ्याला इजा होऊ शकते. दुर्बीण तो पूर्ण बुडाल्यावर, परतणाऱ्या होड्या पाहायला काढा. भिंगावर खारं पाणी उडालं असेल तर कोरड्या रुमालाने घासू नका, मिठाचे कण ओरखडे पाडतात. आधी साध्या पाण्यात भिजवून पिळलेल्या मऊ फडक्याने टिपा.