सहकाऱ्याला २४,००० रुपये जास्त, काम मात्र तेच

प्रश्न: मी एका खासगी कंपनीच्या खरेदी विभागात ९ वर्षं आहे, सध्या व्यवस्थापक. १४ महिन्यांपूर्वी माझ्याच पदावर एक पुरुष सहकारी रुजू झाला. लेखा विभागाकडून चुकून आलेल्या फाइलमध्ये दिसलं की त्याला महिना १,०२,००० रुपये मिळतात आणि मला ७८,०००. एचआर म्हणतं, पगार गोपनीय असतो, त्याचा आधीचा पगारच जास्त होता, शिवाय तुमची मध्ये बाळंतपणाची रजा झाली. मला दाद मागता येईल का? नोकरी जाईल का?

उत्तर: दाद मागता येईल. तुम्ही व्यवस्थापक आहात म्हणून समान वेतनाचा कायदा तुमच्यासाठी नाही, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता, २०१९ लागू झाली आणि १९७६ चा समान वेतन कायदा तिच्यात सामावला गेला. संहितेच्या कलम ३ मध्ये 'कर्मचारी' हा शब्द आहे आणि त्याच्या व्याख्येत व्यवस्थापकीय काम स्पष्टपणे धरलेलं आहे. एकच मालक आणि एकसारखं काम असेल, तर लिंगावरून पगारात फरक करता येत नाही. तुमचा पगार वाढवावा लागू नये म्हणून सहकाऱ्याचा कमी करायलाही मनाई आहे.

सगळा खटला 'एकसारखं काम' या शब्दांवर उभा राहतो. कौशल्य, श्रम, अनुभव आणि जबाबदारी या चार गोष्टी कायदा बघतो. यातला 'अनुभव' जुन्या कायद्यात नव्हता, आणि कंपनीचा वकील नेमका तिथेच बोट ठेवेल. पण व्याख्या नीट वाचा. त्या कामाला किती अनुभव लागतो, हा तिथला प्रश्न आहे. माणसाच्या गाठीशी किती आहे, हा नाही. त्याच्याकडे जादा पदवी असली, तरी तीही कामाला लागत असेल तरच मोजली जाईल.

पदनाम सारखं आहे एवढ्यावर विसंबू नका. दोघांच्या कामाचा तक्ता करा: वर्षाला किती रकमेची खरेदी कोण हाताळतं, पुरवठादार किती, हाताखाली माणसं किती, केआरए (नेमून दिलेल्या मुख्य जबाबदाऱ्या) कोणते. आणि सगळ्यात बोलका पुरावा म्हणजे खरेदी आदेशाच्या मंजुरीची मर्यादा. दोघांनाही १० लाखांपर्यंतचे आदेश स्वतःच्या सहीने सोडता येत असतील, तर कंपनीने स्वतःच दोघांवर सारखी जबाबदारी टाकली आहे. फरक असतील तेही लिहा. किरकोळ, व्यवहारात महत्त्व नसलेले फरक कायदा धरत नाही. पण लपवलेला फरक उलटतपासणीत निघाला की बाकीच्या तक्त्यावरचाही विश्वास उडतो.

'तुम्हीच या पगारावर सही केली' हा युक्तिवाद येणारच. त्याला दोन उत्तरं आहेत. संहितेखाली मिळणारी रक्कम सोडून देण्याचा करार कलम ६० नुसार तेवढ्यापुरता रद्दबातल ठरतो. आणि १९८७ मध्ये ऑड्री डिकॉस्टा या लघुलेखिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने युनियनशी झालेला वेतनकरारसुद्धा बचाव म्हणून मानला नाही. तिथेही पुरुष आणि स्त्री लघुलेखकांचं काम एकसारखं आणि पगार वेगळे होते. कंपनीला परवडत नाही, हेही कारण चाललं नाही.

आधीच्या पगाराचा मुद्दा ऐकायला सगळ्यात वजनदार वाटतो. पण आधीच्या मालकाने दिलेला पगार हे आजच्या कामाचं माप नव्हे. बाळंतपणाच्या रजेबद्दल मात्र एचआरने लिहून दिलं असेल तर तो ईमेल जिवापाड जपा. रजेच्या काळात सेवाशर्ती बाईच्या तोट्याच्या करायला १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यातच बंदी होती. त्या वर्षी इन्क्रिमेंट अडवलं असेल तर तो मुद्दा स्वतंत्रपणे मांडा.

ती फाइल स्वतःच्या ईमेलवर पाठवू नका, फोटो काढू नका, कुणाला दाखवू नका. गोपनीयतेचा भंग म्हणून कंपनीला तुमच्यावर आरोपपत्र काढायची आयती संधी मिळेल. तिची गरजही नाही. वेतनफरकाच्या अर्जावर सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्याला दिवाणी न्यायालयासारखे अधिकार असतात, वेतन नोंदवही हजर करायचा आदेश तो देऊ शकतो. अर्जात तशी मागणी करा. कंपनी शेअर बाजारात नोंदलेल्या, बाजारमूल्याने पहिल्या हजारांत असेल, तर वार्षिक अहवालासोबतचं बीआरएसआर (व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता सांगणारं) विवरणपत्र उघडा. त्यात पुरुष आणि स्त्रियांचं मध्यक वेतन (पगार क्रमाने लावले की बरोबर मधला येणारा) वेगवेगळं द्यावं लागतं.

आधी एचआरला ईमेल करा. 'पगारवाढ' हा शब्द टाळा, कारण वाढ देणं कंपनीच्या मर्जीवर असतं. 'समान कामासाठीच्या वेतनातील फरक' असं लिहा, तक्ता जोडा, १५ दिवसांची मुदत द्या. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर संहितेच्या कलम ४५ खाली अर्ज करा. तुमच्या भागासाठी नेमलेला अधिकारी कोण, ते जिल्ह्याच्या कामगार आयुक्त कार्यालयात कळेल. अर्ज करायची मुदत ३ वर्षांची आहे.

आकडेमोड महिनावार करा. १४ महिन्यांचे ३,३६,००० होतात, पण २१ नोव्हेंबर २०२५ च्या आधीचे महिने वेगळे दाखवा, कारण त्यांना जुना कायदा लागू आहे. समान वेतनासाठी मूळ पगार आणि महागाई भत्त्याबरोबर घरभाडे आणि प्रवास भत्ताही मोजला जातो. कमिशन आणि कायद्याने देय बोनस नाही. त्या १,०२,००० मध्ये काय काय आहे, हे म्हणूनच नोंदवहीतून निघणं गरजेचं आहे. अधिकारी फरकाच्या रकमेखेरीज तिच्या दहापटीपर्यंत भरपाई देऊ शकतो. ही कमाल मर्यादा आहे, तेवढी मिळेलच असं धरू नका.

आता नोकरीचं. इथे तुमची बाजू कमकुवत आहे. व्यवस्थापक म्हणून तुम्ही 'कामगार' या व्याख्येत बसत नाही, त्यामुळे काढून टाकल्यास कामगार न्यायालयाचा रस्ता बहुधा बंद. दिवाणी दावा उरतो, आणि खासगी नोकरीत त्यातून भरपाई मिळाली तरी खुर्ची क्वचितच परत मिळते. म्हणून तक्रारीआधीची सगळी मूल्यांकनं आणि कौतुकाचे ईमेल यांची तारीखवार यादी आजच करा. ९ वर्षं चांगला शेरा आणि तक्रारीनंतर महिन्याभरात 'कामगिरी असमाधानकारक', हा क्रमच सूड दाखवून देतो. राजीनामा मागितला तर जागच्या जागी देऊ नका. फुल अँड फायनलच्या (नोकरी सोडताना होणाऱ्या शेवटच्या हिशेबाच्या) कागदावर 'माझी कोणतीही मागणी शिल्लक नाही' असं छापलेलं असेल, तर त्याखाली 'वेतनफरकाचा हक्क राखून' असं हाताने लिहा, मगच सही करा, आणि त्या पानाची प्रत तिथेच मागून घ्या.