शाडूतले हात

प्रश्न : मी लालबागला राहते, बारावी कॉमर्सला आहे. आजोबांचा गणपतीचा कारखाना आहे, सीझनला मीही शाडूकाम करते. वह्यांची मागची पानं गाड्यांच्या चित्रांनी भरलीत. मोठ्या कार कंपनीत डिझायनर व्हायचंय. सगळे म्हणतात, सायन्स नाही तर विसर. खरंच का?

उत्तर : अजिबात विसरू नकोस. आयआयटी मुंबई घेते ती ‘यूसीड’ ही डिझाइनची प्रवेश परीक्षा कुठल्याही शाखेतून बारावी करणाऱ्यांना देता येते. पण लागोपाठच्या दोन वर्षांत मिळून दोनदाच, त्यामुळे नुसतं ‘बघून येऊ’ म्हणून बसू नकोस. त्यात चित्रकलेचाही भाग असतो. जमलं तर पवईच्या आयडीसीत, म्हणजे आयआयटीच्याच डिझाइन विभागात, बी.डेस. ही डिझाइनची पदवी, चार वर्षं. अहमदाबादच्या एनआयडीची (राष्ट्रीय डिझाइन संस्थेची) परीक्षा वेगळी, तीही दे. इंजिनिअरिंग करून इकडे वळलेलेही आहेत. महिंद्राची एक्सयूव्ही ५०० (२०११) ज्यांच्या हाताखाली घडली, त्या रामकृपा अनंतन आधी मेकॅनिकल इंजिनिअर, मग आयडीसीच्या.

पण तुझ्या पत्रात मला सगळ्यात मोलाचा वाटला तो शाडू. मी सव्वीस वर्षं कार कंपनीच्या स्टुडिओत काढली. कॉम्प्युटर आले, तरी खऱ्या मापाची गाडी मातीत घडवणं सुटलेलं नाही. जनरल मोटर्समध्ये १९२७ साली हार्ली अर्लने डिझाइनचा विभाग उभा केला, तेव्हापासूनची ही रीत. ही माती पाण्यात भिजवायची नसते. मेणकट असते, साठेक अंशांपर्यंत तापवून फोमच्या सांगाड्यावर तळव्याने चढवायची, गार झाली की खरवडायची. वर चकचकीत फिल्म ताणून बसवली की ट्यूबलाइटची रेघ गाडीच्या अंगावरून धावते.

माझ्या पहिल्याच वर्षी ती रेघ मागच्या चाकापाशी थरथरत होती. स्क्रीनवर काहीच चूक दिसेना. मातीची गाडी घडवणाऱ्या आमच्या ज्येष्ठ मॉडेलरनी डोळे मिटून तळवा फिरवला, एका जागी थांबले, म्हणाले, “इथे.” जेमतेम अर्धा मिलिमीटर माती काढली आणि रेघ सरळ झाली. आजोबा मूर्तीच्या गालावरून अंगठा फिरवतात ना, अगदी तसं. डिझायनरइतकीच क्ले मॉडेलरचीही नोकरी स्टुडिओत असते. जे.जे.चा शिल्पकला विभाग तुझ्या घरापासून किती लांब आहे?

आता वहीतल्या गाड्या. चाकं मोठाली आणि काचा चिंचोळ्या काढल्या असशील, मीही तशाच काढायचे. एका इंजिनिअरनी माझं चित्र बघून विचारलं, “ही काच खाली जाणार कुठे?” दारातच ती मावायला हवी, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. म्हणून नुसती बाजूने दिसणारी गाडी काढू नकोस, माणसं बसवून काढ. टॅक्सी स्टँडवर तासभर उभी राहा. गुडघे दुखणारी आजी आत शिरताना हात कुठे टेकते, डोकं कुठे आपटतं, पिशवी आधी आत जाते की नंतर, ते टिपून घे. दहा स्पोर्ट्स कारपेक्षा अशी दहा पानं मी पोर्टफोलिओत आधी उघडीन.

आणि यंदा कारखान्यात उरलेल्या शाडूची वीतभर गाडी कर. वाळला की तडकतो, म्हणून ओली असतानाच ट्यूबखाली धर आणि रेघ कुठे मोडतेय ते आजोबांना विचार.